पानावर लिहिलंय तेवढंच

सगळं सुरू झालं दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की आठवते, कारण मी तेव्हा घड्याळाकडेच बघत होते. माझ्या आर्वीची स्कूल व्हॅन साडेबाराला नवघरला आमच्या बिल्डिंगच्या गेटवर येते, आणि मी अजून हाटकेशच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर डबे उतरवत होते. तेव्हा मी घरून डबे करून द्यायचे.

त्या ऑफिसातले सर म्हणाले, "ताई, दोन मिनिटं बसता का? या पानावर जसं लिहिलंय, तसंच टाईप करायचं. बाकी काही नाही."

मी म्हटलं, "सर, मला कॉम्प्युटर येत नाही."

"म्हणूनच तर विचारतोय."

त्या दोन मिनिटांना आता दोन वर्षं होत आली. किस्से म्हणजे सिंकमधली भांडी. एक ठेवलं की दुसरं कुठून येऊन त्याच्या शेजारी बसतं ते कळत नाही. संध्याकाळी बिल्डिंगखाली बसलो की बायका मलाच विचारतात, "मनीषा, आज ऑफिसात काय झालं?" म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

आधी आमचं ऑफिस काय करतं ते सांगते, नाहीतर कोणाला काही कळायचं नाही. कॉम्प्युटरमध्ये पॅकेज मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम असतो. आपल्याला हवं ते सॉफ्टवेअर तो शोधून आणतो, बसवतो, नको झालं की काढून टाकतो. त्याला सगळं टाईप करून सांगावं लागतं. त्या सांगण्याला कमांड म्हणतात. प्रत्येक कमांडचं एक माहितीचं पान असतं. ती काय करते, कशी लिहायची, पुढे काय जोडलं तर काय होतं. ही पानं आधीपासून आहेत, पण ज्यांना सगळं आधीच येतं त्यांनाच ती कळायची. आमचं ऑफिस ती पानं सुधारतं आणि मराठीतही लिहितं. हर्षदा लिहिते, ती इंजिनिअर आहे. सर तपासतात. मी आणि उत्तनच्या फिलोमिना मावशी, आम्ही दोघी पानावर लिहिलंय तेवढंच करतो. अडलो की हात वर करायचा. जिथे हात वर गेला तिथे पान चुकलं, आम्ही नाही.

माझं शिक्षण सातवी. एबीसीडी येते, पण इंग्रजीचा अर्थ लागत नाही. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं, "ताई, तुम्हाला हे कळत नाही तोपर्यंतच तुम्ही आमच्या कामाच्या. तुमच्या आधी एक मुलगी होती. बघून बघून सगळं शिकली, मग तिला पानातली चूक दिसेना. तिचीच जागा तुम्हाला मिळाली."

काम बसून करायचं, व्हॅन आता आर्वीला थेट हाटकेशला सोडते, ती कोपऱ्यात चित्रं रंगवत बसते. माझ्या नजरेसमोर असते. असं काम मला परत कोण देणार? म्हणून ठरवून टाकलं, इथे काही शिकायचं नाही. पण डोळे उघडे ठेवून काही न शिकणं किती कठीण असतं, ते एकदा करून बघा.

*

पहिल्या दिवशीच्या पानावर होतं, "इन्स्टॉल लिहा आणि पुढे नाव लिहा." कुणाचं नाव ते नव्हतं. शाळेचा फॉर्म म्हणा, लसीचं कार्ड म्हणा, आजकाल माझ्या हाताला एकच नाव लिहायची सवय. मी इंग्रजीत आर्वी लिहिलं आणि एंटर दाबलं.

स्क्रीनवर एक ओळ आली. त्यातला 'लोकेट' मला वाचता आला, कारण व्हॅनवाला रोज लोकेशन पाठवतो. मी हर्षदाला विचारलं, "हे काय म्हणतंय गं?"

ती तिच्या कामात होती. इकडे एक नजर टाकून म्हणाली, "आर्वी सापडत नाहीये."

मी व्हॅनवाल्याला फोन लावला, तो उचलेना. शाळेत लावला. मॅडम बिचाऱ्या वर्गात जाऊन बघून आल्या. आर्वी डब्यातली पोळी दुसऱ्या मुलीला भरवत होती. मॅडमनी विचारलं, "काय झालं हो एवढं?" मी काय सांगणार? म्हटलं, "काही नाही मॅडम, कॉम्प्युटरला सापडत नव्हती."

हर्षदाने त्याच दिवशी पानावर लिहिलं, "हव्या असलेल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहा." ते पान सुधारलं. मॅडम मात्र अजून गेटवर दिसल्या की विचारतात, "आज सापडली ना?"

*

एकदा फोटो लहान करायचं एक छोटंसं सॉफ्टवेअर मागवायचं होतं. मी कमांड लिहिली. तर पॅकेज मॅनेजर म्हणतो, याच्यासोबत अजून ही एवढी दुसरी सॉफ्टवेअरं येतील, पुढे जाऊ का, हो की नाही? मोठी यादीच दाखवली त्याने. पानावर त्याबद्दल अक्षर नव्हतं. मी हात वर केला. सर आणि हर्षदा आत मीटिंगमध्ये. मी हात वर करून बसले.

मावशी म्हणाल्या, "हो कर ना. लग्नाला एकाला बोलवलं तर त्याच्या घरचे येनारच."

"येतील ते ठीक आहे मावशी, पण उतरणार कुठे? जागा आहे का एवढी?"

हात दुखायला लागला तसा मी दुसरा वर केला. शेवटी सर बाहेर आले. मी म्हटलं, "सर, बोलावला एक आणि निघालेत सगळे. तुम्हाला विचारल्याशिवाय मी हो कशी म्हणू?"

सरांनी समजावलं, "ताई, ते सगळे लागतातच. त्याला एकट्याला काही करता येत नाही. हे मागून आलेले आहेत म्हणून तो चालतो."

मावशींनी मान हलवली. "म्हंजे नवरदेवच हाय."

*

एका पानावर दोन कमांड होत्या आणि दोन्हींपुढे एकच अर्थ लिहिला होता, "अद्ययावत करणे." मावशींनी पहिली केली. स्क्रीनवर बऱ्याच ओळी पळाल्या. मावशींनी बघितलं, सॉफ्टवेअर होतं तसंच जुनं. हात वर.

"काय न्हाय झालं."

हर्षदा म्हणाली, "होणार नाही मावशी. पहिली कमांड फक्त नवीन काय आलंय त्याची यादी आणते. दुसरी खरं सामान आणते."

मावशींचं सासर-माहेर दोन्ही मच्छीवाल्यांचं. त्या म्हणाल्या, "म्हंजे पहिली बाजारात गेली, काय आलंय ते इचारलं आन रिकाम्या हातानं घरी आली. दुसरी मासली घेऊन आली. मंग दोघींना एकच नाव कसं दिलं तुमी?"

हर्षदा हसत सुटली. म्हणाली, "मावशी, हे असंच लिहू का पानावर?"

"लिव. पन बोंबील लिव. पापलेट सगल्यांना परवडत न्हाय."

*

काढून टाकायच्याही दोन कमांड आहेत. एकीने सॉफ्टवेअर जातं, पण आपण केलेली सेटिंग मागे राहते. दुसरीने सेटिंगसकट सगळं जातं. मला पहिलीचं नवल वाटलं. सामान गेलं तरी त्याचं काहीतरी मागे राहतं म्हणजे काय? हर्षदाने मला सांगितलं आणि पानावरही लिहिलं, "भाडेकरू गेला, भिंतीतले खिळे राहिले."

सर म्हणाले, "हे काढ. इथे अर्धी वस्ती भाड्याने राहते, वाईट वाटेल लोकांना."

हर्षदा म्हणाली, "मीच भाड्याने राहते सर."

"मग राहू दे. घरमालकाला दाखवू नकोस."

*

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कमांडच्या पुढे एक छोटा शब्द जोडला की पॅकेज मॅनेजर आपण काय काय करणार ते सगळं सांगतो, पण खरं काहीच करत नाही. काय येईल, काय जाईल, काय बिघडेल, सगळं आधी वाचून बघायचं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

सरांना विचारलं, "म्हणजे चूक होणार असेल तर आधीच कळतं?"

"हो."

"आणि बिघडत काहीच नाही?"

"काहीच नाही."

"हे फक्त कॉम्प्युटरलाच असतं का?"

मावशींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. सर गेल्यावर म्हणाल्या, "येवढं इचारू नको पोरी. कललं तर जाशील."

मी विचारलं, "मग तुम्ही एवढी वर्षं इथे आहात, तुम्हाला कसं कळत नाही?"

"कलतं की. पन उत्तनची बस मिठागरावरून जाते ना, तिथं खिडकीतून टाकून देते सगलं. दुसऱ्या दिवशी रिकामी येते."

मला काही ते जमेना. त्याच संध्याकाळी गार्डनमध्ये आर्वी मोठ्या घसरगुंडीकडे धावली. ती मोठ्या मुलांची घसरगुंडी. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "आधी नुसतं सांग. तू वर चढलीस तर काय काय होईल?"

आर्वीने विचार केला. "मी चढेन. मला भीती वाटेल. तू खालून ओरडशील. मी घसरेन. गुडघ्याला लागेल. मग तू आईस्क्रीम देशील."

यात मला काही चूक सापडेना.

ती म्हणाली, "पुढे जाऊ का? हो की नाही?"

*

आणि आता शेवटचा, गेल्या महिन्यातला.

एक नवीन पान माझ्याकडे आलं. आम्हाला प्रत्येक पानाला कॉम्प्युटर कोरा करून देतात. मी वाचत गेले, लिहीत गेले, सगळं एका झटक्यात झालं. एकदाही हात वर नाही. मी 'बरोबर' लिहून पान परत दिलं. मनात म्हटलं, हर्षदाचा हात बसला आता.

दुपारी सरांनी तेच पान स्वतः करून बघितलं. तिसऱ्या ओळीवर अडलं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा अडलं. मग मला बोलावलं. "ताई, तुमचं कसं झालं?"

मी काय काय टाईप केलं होतं ते कॉम्प्युटरमध्ये राहतं. सरांनी ते उघडलं. सगळ्यात वर, पानातली पहिली ओळ सुरू व्हायच्याही आधी, मी नवीन यादी आणायची कमांड लिहिलेली. पानावर ती कुठेच नव्हती.

सर म्हणाले, "हे पानावर नाहीये. मग तुम्ही का केलंत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ते तर आधी करावंच लागतं ना. कोऱ्या कॉम्प्युटरला यादीशिवाय काही सापडत नाही."

हर्षदा स्क्रीनकडे बघत राहिली. मावशींनी कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "गेली."

मी उठले. आर्वीचे रंग गोळा करायला लागले. हिरवा खडू कपाटाखाली गेला होता, तो काढायला खाली वाकले तेव्हा डोळे भरून आले. आर्वी विचारत होती, "आई, आज लवकर घरी?"

सर म्हणाले, "ताई, कुठे निघालात?"

"तुम्हीच म्हणाला होता सर."

"हो, म्हणालो होतो. वाचायच्या कामातून तुम्ही गेलात, ते खरंच आहे." मग त्यांनी हर्षदाच्या शेजारची खुर्ची ओढली. "मराठी तर येतं ना तुम्हाला? हर्षदाला एकटीला पानं उरकत नाहीत. एक लिहून दाखवा. जमलं तर बसा इथे."

मला सगळ्यात सोपी कमांड दिली. कॉम्प्युटरमध्ये काय काय बसवलेलं आहे ते विचारायची. मी ते पान आठवडाभर लिहिलं. घरी कुकर लावताना लिहिलं, आर्वीला झोपवताना मनात खोडलं. काही सुटू नये म्हणून एकेक ओळ आर्वीला समजेल अशी केली. हर्षदाने वाचलं, म्हणाली, "छान आहे." सरांनी वाचलं, म्हणाले, "बरोबर आहे. आता मावशींकडे."

मावशींनी चष्मा लावला. वाचत वाचत एका बोटाने कमांड टाईप केली. अगदी बरोबर, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि हात वर केला.

मी मागेच उभी होते. म्हटलं, "काय झालं मावशी? बरोबर तर लिहिलंय तुम्ही."

"पुढं काय?"

"पुढे काय म्हणजे? एंटर दाबा ना."

"कुठं लिवलंय?"

मी पान बघितलं. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, एवढी वर्षं तुम्ही रोज एंटर दाबता. तुम्हाला माहीत नाही का?"

मावशींनी हात वरच ठेवला. "मला म्हाईत हाय गं. पानाला म्हाईत न्हाय."

*

तर, मी आता हर्षदाच्या शेजारी बसते आणि माझी जुनी खुर्ची रिकामी आहे. मावशी एकट्या पडल्यात. नवघर, हाटकेश, नया नगर, कुठलीही बाई चालेल. कॉम्प्युटर येत नसावा, मराठी वाचता यावं, एबीसीडी ओळखता यावी, आणि हात वर करायला लाजू नये. मूल सोबत आणलं तरी चालतं, कोपऱ्यात जागा आहे, रंगही आहेत. ओळखीत कोणी असेल तर तिच्यापर्यंत निरोप पोचवा, आणि तुमच्या ओळखीत नसेल तर पुढे सांगा.

फक्त हे सगळं तिला वाचायला देऊ नका.