वेताळाची नोंद

१९७८ साली मी एका पाड्याचा वेताळ बळकावला, तोही डिट्टोच्या दोन रेघा मारून.

पंचवटीत भाजीबाजारामागे दोन खोल्यांत आमच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय होतं. सटाण्याहून शिकून आलेला मी तिथला हंगामी कारकून. नोंदवहीला वाळवी लागलेली आणि अनुदानाची तपासणी आठ दिवसांवर, म्हणून चिटणीसांनी मला वही नव्यानं उतरवायला बसवलं. ‘वस्तू कशी मिळाली’ या रकान्यात मी पहिल्या वस्तूपुढं ‘देणगी’ लिहिलं आणि खालच्या दोनशे अकरा वस्तूंपुढं डिट्टो मारत गेलो. त्यातला एक लाकडी मुखवटा देणगी नव्हता, ठेव होती. तपासणीवाल्यांनी पानापानावर शिक्का मारला. जुनी वही चिटणीसांच्या घरच्या बंबात गेली.

मुखवटा वेताळाचा, पेठकडच्या तानुबाईच्या घरचा. आणला होता सावळीराम पगारेंनी.

पगारेमामा कागदोपत्री शिपाई. पण संग्रहालयातल्या निम्म्या वस्तू त्यांनीच एस.टी.नं मांडीवर घेऊन आणलेल्या. पाहुण्यांना माहिती चिटणीस सांगत. अडलं की म्हणत, “मामा, पाणी आणा.” मामा पेला देता देता त्यांच्या कानात गावाचं नाव सांगत.

तानुबाईला मामांनी शब्द दिला होता. मुखवटा वर्षभर काचेत राहील, पण बोहाड्याला, पाड्यावर सोंगं नाचतात तेव्हा, घरी येईल. सहा वर्षं ते दर चैत्रात तो नेत आणि परत आणत. मी चिडवायचो, “मामा, सकाळी बुद्धवंदना आणि दुपारी मांडीवर वेताळ?”

“देव त्यांचा, साहेब. शब्द माझा.”

त्या चैत्रात मामांनी कपाट उघडलं, तशी चिटणीसांनी नवी वही पुढं केली. “देणगी आहे. बाहेर जाणार नाही.”

“ठेव आहे साहेब. यांच्याकडून लिहिताना चुकलंय.”

चिटणीस माझ्याकडं वळले. “चुकलात का? मग तसं लिहून द्या. वरचे विचारतील, एक चुकली तर बाकीच्या बरोबर कशावरून? अनुदान थांबेल. जूनमध्ये तुम्हाला कायम करायचंय, ते त्याच अनुदानातून.”

“बघावं लागेल,” मी म्हणालो.

बाहेर आल्यावर मी मामांना हळूच म्हटलं, “किल्ली तुमच्याकडंच आहे. न्या की गुपचूप.”

“म्हणजे चोर व्हायचं? आम्हाला एवढंच म्हणायचं राहिलंय लोकांचं.”

मामा रिकाम्या हातांनी पेठला निघाले. मीही गेलो, लाज वाटून. तानुबाई अंगणातच उभी होती.

“दादा, सोंग कुठं हाय?”

मामांनी सगळं सांगितलं, फक्त माझं नाव घेतलं नाही. बाईनं एवढंच विचारलं, “इकलास का?”

रात्री तिच्या मुलानं, बारकूनं, तोंडाला राख फासली आणि तो तसाच नाचला. पोरं हसली. मामा खाली मान घालून बसून होते.

परतताना एस.टी.त म्हणाले, “साहेब, चिटणीसांना काही देऊ नका. मला चार ओळी द्या. मुखवटा विकला नाही, नोंद माझ्या हातून चुकली, असं लिहा, खाली तुमची सही. बारकूला वाचता येतं. त्याच्या आईला वाचून दाखवील.”

“उद्या देतो,” मी म्हणालो.

जूनमध्ये मी कायम झालो. मामा पुन्हा कुठल्या पाड्यावर वस्तू मागायला गेले नाहीत. चिटणीसांनी सांगून पाहिलं, तर म्हणाले, “आता माझ्या हातात कोण देईल?” त्यांची वर्षं झाडण्यापुसण्यात गेली.

चौऱ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. चिटणीसांनी शाल घातली, मंडळाचे प्रामाणिक सेवक वगैरे म्हणाले. ते भाषण मी लिहून दिलेलं होतं. समारंभ आटोपल्यावर मामांनी मला दारात गाठलं.

“माझ्यावर दोन पानं लिहिलीत, साहेब. त्या चार ओळी राहिल्यात.”

मी हसलो. त्या ओळी अजून द्यायच्या आहेत.