नुरा कुस्तीतलं खरं दुखणं

माझे पेशंट रीडेल पाचव्या पायरीवर पोचले आणि शीळ घालायला लागले.

"दुखतंय का?" मी खालून विचारलं.

"नुल," ते म्हणाले. नुल म्हणजे शून्य.

आमच्याकडे दुखणं आकड्यात विचारतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. डार्मश्टाटमधल्या एका रिहा-क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर पुन्हा चालतं करायचं, हे आमचं काम. तो आकडा मी दिवसातून वीस वेळा विचारते आणि लिहून घेते.

रीडेल अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. घरात पडले आणि उजव्या खुब्यापाशी मांडीचं हाड मोडलं. सर्जननी आत सळई आणि एक जाड स्क्रू बसवला आणि त्यांना तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे पाठवलं. ते एकटे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे घरी जायच्या आधीची परीक्षा जिन्याची होती. ते चढले, उतरले, वर मला एक विनोदही सांगितला. मी फॉर्मवर जिन्यापुढे टिक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गाडी येणार होती.

थेरपीच्या खोलीत बाकावर त्यांचे मित्र वेर्नर काप्पेस बसले होते. शहाऐंशी वर्षांचे, बुटके, कडक इस्त्रीचा शर्ट. रोज बसने यायचे. मी कॉरिडॉरमध्ये आले तसे ते मागोमाग आले.

"फ्राऊ मेश्राम, त्याला उद्या सोडू नका. त्याला दुखतंय."

"ते तर शून्य म्हणतात."

"तो शून्यच म्हणणार. शीळ ऐकलीत ना?"

पुढचा पेशंट वाट बघत होता. तरी मी थांबले.

हे दोघं एके काळी कुस्ती खेळायचे, एवढं मला माहीत होतं. मी नागपूरची. आमच्याकडे कुस्ती म्हणजे लाल माती आणि पाठ टेकली की निकाल. यांची ती नव्हे. यांची तिकीट लावून, तंबूत, रिंगमध्ये दोरांच्या आत व्हायची. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. आपण ज्याला नुरा कुस्ती म्हणतो ती. रीडेलनी पहिल्या दिवशी मला हे सांगितलं तेव्हा, खरं सांगते, मी मनात थोडी हसले होते.

काप्पेसनी मला त्या कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या त्यांचं सगळं आयुष्य सांगितलं. युद्ध संपलं तेव्हा लुडविग रीडेल आठ वर्षांचा होता आणि राहतं घर बाँबमध्ये गेलेलं होतं. पुढे तो बेकरीत पोती उचलायचा. एका मॅनेजरनं त्याचे खांदे बघितले आणि तंबूत नेलं. तिथे त्याची जोडी काप्पेसशी लागली. पोस्टरवर दोघं सख्खे भाऊ. प्रत्यक्षात एक कासेलचा, दुसरा माइन्त्सचा. एका शहरात महिनाभर मुक्काम, मग पुढचं शहर. अकरा वर्षं.

जोडीच्या कुस्तीला टॅग टीम म्हणतात. दोन विरुद्ध दोन, पण आत एकेकच. दुसरा दोराबाहेर उभा. आतल्यानं त्याच्या हाताला हात लावला की तो आत येणार.

"लुडी मार खायचा," काप्पेस म्हणाले. "पंधरा-पंधरा मिनिटं. लोक रडकुंडीला यायचे. मग तो सरपटत माझ्यापर्यंत यायचा, हात लावायचा, आणि मी आत उडी मारून दोन मिनिटांत सगळ्यांना झोपवायचो. सह्या लोक माझ्या घ्यायचे."

"पण मार खोटाच ना?"

"निकाल ठरलेला असायचा, बरोबर. पण रिंगच्या फळ्या खऱ्या होत्या."

एकदा समोरच्याचा गुडघा चुकून रीडेलच्या छातीवर पडला. दोन बरगड्या मोडल्या. रीडेल खांदा धरून किंचाळत होता, पण ते प्रेक्षकांसाठी. बरगडीला त्यानं हातही लावला नाही. फक्त मधेमधे दातांतून हलकी शीळ घालत होता. दोराशी उभ्या असलेल्या काप्पेसना ती ऐकू आली आणि त्यांनी हात लांब केला.

"सांगायचं का नाही?" मी विचारलं.

"समोरच्याला कळलं तर तो बिचकतो, आणि बिचकला की जास्त चुकतो. मॅनेजरला कळलं तर उद्याच्या पोस्टरवर दुसऱ्याचं नाव. दुखणं दाखवणं हे आमचं काम होतं, फ्राऊ मेश्राम. खरं दुखणं सोडून."

मी परत गेले आणि रीडेलना पाठीवर झोपवलं. उजवा पाय हळूच आतल्या बाजूला वळवला. चेहरा शांत. पण त्यांनी लगेच पाद्री आणि गाढवाचा एक लांबलचक विनोद सुरू केला. पाय मध्येच अडला. मग मी टेप काढून दोन्ही पाय मोजले. उजवा एक सेंटिमीटर आखूड होता. भरती झाले त्या दिवशी मी मोजले होते तेव्हा दोन्ही सारखे होते. मधल्या तीन आठवड्यांत मी एकदाही मोजले नव्हते. रोज शून्य ऐकत होते आणि शून्य लिहीत होते. चूक माझी होती.

आमचे ओबरआर्त्स्ट, म्हणजे सीनियर डॉक्टर, रीडेलच्या डिस्चार्जच्या कागदावर सही करत होते.

"एक्स-रे? आत्ता?" ते म्हणाले. "दुखणं शून्य, रक्त चांगलं, जिना तुम्हीच पास केलात."

"ती टिक मी मागे घेते."

"कशावरून?"

"पाय एक सेंटिमीटर आखूड आहे, आत वळत नाही. आणि त्यांचा मित्र म्हणतो."

"कोण मित्र?"

"टॅग टीममधला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "बरं, सेंटिमीटर लिहा. मित्र लिहू नका."

एक्स-रेत स्क्रू हाडातून सरकलेला दिसला. टोक सांध्याच्या अगदी कडेला आलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले असते तर ते आत घुसलं असतं. आता स्क्रू काढून अख्खा खुबा बदलायला हवा होता. त्या वयात पुन्हा भूल, म्हणजे धोका होताच.

मी सांगायला गेले तेव्हा रीडेल बॅग भरून, कोट घालून खुर्चीत बसले होते.

"मला घरी जायचं होतं," ते म्हणाले. "एवढंच. चाळीस वर्षांचं घर आहे माझं. तुम्ही त्याचं ऐकलंत."

दाराशी काप्पेस उभे होते. रीडेलनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मग त्यांनी एकेक करून कोटाची बटणं काढली. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं, निभावलं. ते पुन्हा आमच्याकडे आले, जरा वाळलेले. दोन दिवस काप्पेसशी बोलले नाहीत. काप्पेस तरी रोज आले आणि कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी मी रीडेलना वॉकरवर चालवत होते, तेव्हा ते त्या खुर्चीपाशी थांबले.

"जिना आता मला जमणार नाही," ते म्हणाले. ते खरं होतं.

"माझं घर तळमजल्यावर आहे," काप्पेस म्हणाले. "मागची खोली रिकामी."

"तू घोरतोस. अकरा वर्षं ऐकलंय मी."

"दार लाव."

मी दुसरी खुर्ची ओढली आणि म्हटलं, बसा आता. ते काप्पेसच्या शेजारी बसले. म्हणाले, "माझी खुर्ची आणायची. आणि घड्याळ. बाकी विकून टाक."

त्यांची रवानगी झाली ती तळमजल्यावर. बाथरूममध्ये दांड्या कुठे बसवायच्या ते बघायला मी एकदा जाऊन आले. काप्पेसनी कॉफी दिली, रीडेलनी ती पातळ आहे म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी क्लिनिकमध्ये अर्ज केला, की आमच्या फॉर्ममध्ये आकड्याच्या खाली एक ओळ वाढवा: जवळच्या माणसाचं काय म्हणणं आहे? क्वालिटी मॅनेजमेंटची मीटिंग झाली. कल्पना सगळ्यांना आवडली. त्यासाठी एक समिती नेमली. ओळ अजून आलेली नाही. तोवर मी मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहिते.