पोटाला पोतं बांधलेला मेंढा

माझी शाळा दुसरीतच सुटली ती मेंढरांमागं. पण मेंढरातलं मला कुणी शिकवायला आलेलं मी खपवून घेतलं नाही. आबाचंही नाही. आबा म्हणजे माझा बाप. त्या मेंढ्यावरून आमच्या दोघांत जे झालं, ते शिरोळकडच्या माळावर चार पावण्यांसमोर झालं. म्हणून सांगायला लाज नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. नदीकाठानं ऊस वाढत गेला, चरायची रानं आटत गेली. आधी आम्ही पावसाळ्यापुरते जतकडच्या कोरड्या मुलखात जायचो, ते उन्हाळ्यातच निघायला लागलो. तिथल्या उन्हात आमची काळी, लोकरीची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची. चारा समोर असून तोंड लावायची नाहीत. आणि तिथल्याच एका पावण्याची उंच मेंढरं त्याच उन्हात बाभळीच्या शेंगा शोधत हिंडायची. अंगावर लोकर अशी नाहीच, शेरडासारखे आखूड केस. मी दोन तरण्या मेंढ्या देऊन त्यातला एक मेंढा आणला.

आबानं त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"बोडकं जनावर आणलंस की लेका. ह्याची लोकर कुठाय?"

"लोकर न्हाय म्हणूनच आणलाय."

"मग देवाचं घोंगडं कशाचं इणायचं? ह्याच्या दाढीचं?"

आमच्यात दरवर्षी देवाला नवं घोंगडं वाहतात, आणि ते आपल्याच खांडातल्या, म्हणजे कळपातल्या, लोकरीचं लागतं. विकतची लोकर चालत नाही. आबाचं सगळं तिथं अडलेलं. मीही हटलो नाही. दोघं एका चुलीवर जेवत होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो.

शेवटी आबानंच तोड काढली. खांडाच्या पुढं चालणारी, गळ्यात घंटा असलेली मेंढी त्याची लाडकी. म्हणाला, "हिच्यावर एकदा सोड. कच्ची मेंढी दिली तर तू तिलाच दोष देशील. हिचं कोकरू धड निपजलं तर बघू. न्हाईतर मेंढा वडगावच्या बाजाराला." ते झाल्यावर बाकीच्या मेंढ्यांना शिवू नये म्हणून त्यानं स्वतः मेंढ्याच्या पोटाला पोतं बांधलं. पुढं मेंढी गाभ राहिल्यावरही ते पोतं तसंच राहिलं. माझा थोरला भाऊ, दादा, रोज सकाळी मेंढ्याला विचारायचा, "काय नवरदेव, मुंडावळ्या खाली घसरल्या व्हय?" मी ऐकून घ्यायचो. सगळं त्या एका कोकरावर होतं.

दिवाळी सरली, आम्ही शिरोळकडं परतलो आणि कातरणी धरली. मेंढरं नदीत धुऊन आणली, पावणेरावळे कातरी घेऊन बसले. माळावर काळ्या लोकरीचे ढीग पडायला लागले. मेंढा पोतं बांधून बाभळीखाली उभा. त्याच दिवशी घंटेची मेंढी खांडातून बाजूला जाऊन बसली.

दुपारी पुढचे दोन खूर दिसले. डोकं काही येईना.

एकेकाची कातर थांबली. दादा वाकून बघून म्हणाला, "पाय बघ केवढं लांब. थोराड बापाचं घातलंस, आता ह्या गरिबानं भोगायचं."

"तू गप बस."

मी कोपरापर्यंत गोडं तेल चोळलं आणि हात घातला. कोकराची मान मागं वळलेली. हनुवटी बोटाला लागायची आणि निसटायची. माझा पंजा हा असा रुंद, आत वळायला जागाच नाही. मेंढी आधी ओरडत होती, मग नुसते दात खायला लागली. मेंढरानं ओरडायचं सोडलं की समजायचं, ते आता झुंजत नाही.

आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. तो सावकाश बोलला. "ही गेली तर तुझा मेंढा बाजारालाबी जायचा न्हाय. हितंच सोलीन."

"सोल. पण मी हात काढत न्हाय."

"तुझ्या हातानं हुईल व्हय ते? सर."

मी सरलो नाही. त्यानं मला खांद्यानं ढकललं. आबाचा हात बारीक, आणि सकाळपासनं लोकर कातरून मेणचट झालेला. तेलही लावलं नाही त्यानं. कळ ओसरली तसं त्यानं कोकरू ओढायच्या ऐवजी आत लोटलं.

"मारतोस का त्याला?" मी म्हटलं.

तो डोळे मिटून आत वळलेली मान चाचपत राहिला. मग त्याचा दंड वळला, आणि पुढच्या कळेला नाक आलं, कान आले, पाठोपाठ सगळं कोकरू गवतावर येऊन पडलं. लांब कानांचं, तांबूस. हलेना.

आबानं गवताची काडी मोडून त्याच्या नाकात फिरवली. पुन्हा फिरवली. कोकरू शिंकलं. मेंढीनं मान वळवली आणि त्याला चाटायला लागली.

आबानं कोकराच्या पाठीवरनं उलटा हात फिरवला. केस आखूड, चापून बसलेले.

"ह्याची कातरणी न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय."

"कधीच न्हाय."

"न्हाय म्हटलं की."

"आणि देवाचं?"

देवाच्या घोंगड्याचा मी विचारच केला नव्हता, नुसता हट्ट धरला होता. मी कोकराकडं बघत राहिलो. ते पुढच्या गुडघ्यांवर उठायला बघत होतं, पडत होतं, पुन्हा बघत होतं.

आबा उठला, बाभळीखाली गेला. मला वाटलं, बाजाराला न्यायला गळ्यातली दोरी सोडतोय. त्यानं दोरीबरोबर पोटाचं पोतंही सोडलं, त्यालाच हात पुसले आणि ते माझ्या अंगावर टाकलं.

"चार काळ्या मेंढ्या निवडून ह्याच्यापासनं लांब ठेवायच्या. देवाची लोकर तिथनं. त्या चार ह्यानं बाटवल्या तर मी हाय आणि तू हायस."

मोकळा झालेला मेंढा अंग झाडून सरळ दादाच्या वाटणीच्या मेंढ्यांकडं निघाला. दादानं दगड उचलला. आबाकडं बघितलं. आबा परत कातरायला बसला होता. दगड बराच वेळ दादाच्या हातात राहिला, मग त्यानं तो खाली ठेवला.