आधीच्या मिस्त्रीचं काम

संकठाघाटाच्या वरच्या गल्लीतला आमचा मिस्त्री पान सांडू नये म्हणून हनुवटी आभाळाकडे करून बोलतो, आणि बिघाड कोणताही असो, आधीच्या मिस्त्रीला शिव्या घातल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. बाबांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन त्याने नव्याने बांधलं, पिस्टन बदलला, तरी ती दोनदा खोकून बंद पडायची. पुन्हा सगळं खोललं. शेवटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या त्या इवल्याशा भोकात, सुपारीचा कण सापडला.

तो कण त्याने उन्हात धरून पाहिला. मग चक्क उठून तोंडातलं पान थुंकून आला. एवढा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

“कौन जाहिल पान चबा के जेट फूँका है? किसको दिए थे गाड़ी, भइया?”

बाबांच्या काळापासून या गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. पण माझं अर्धं इंजिन त्याच्या पोत्यावर पसरलेलं होतं. मी म्हटलं, “गलती हो गई, चाचा. अब उसके पास नहीं जाऊँगा.”

“हाँ, कभी मत जाइएगा.” तो शांत झाला. नवं पान गालात सारलं, आणि जेट ओठांना लावून जोरात फुंकर मारली.