शालूनं पेटी सोडली

पालमच्या बसस्टँडसमोर शालूचा फ्लेक्स लागला, तवा त्यावर शालूपेक्षा तिच्या शेळीचा फोटो मोठा व्हता. 'आमची कन्या सहा महिन्यांसाठी आफ्रिकेला रवाना.' खाली तिच्या बापाचं, दत्तरावचं नाव. त्याच्या खाली गॉगल घातलेली अठरा तोंडं. त्यातल्या एकानंबी शालूला कवडीची मदत केली नव्हती, पण फ्लेक्सवर जागा उरली व्हती म्हून येऊन बसले.

शालूनं नववीतच शाळा सोडली. बाकावर बसली की तिचे पाय हलायचे, आन् गुरुजी बेजार व्हायचे. पण शेरडात सोडली की तीच पोरगी कोणत्या शेळीनं रवंथ थांबिवला ते बांधावरून सांगायची. एका संस्थेनं तिला पशुसखी केलं, सुई टोचायला शिकविलं. म्हंजे गावातल्या शेळ्याची अर्धी डॉक्टरीणच. तीन वर्षांनी संस्थेनं इचारलं, मलावीला जाती का? तिथल्या बायांना शेळ्याचं शिकवायचं. पगार न्हाई, राहायचं-खायचं आमच्याकडं. नकाशात मलावी कुठं हाय ते इचारायच्या आधीच शालू हो म्हणून बसली.

चार महिने झाले आन् भावाचं, बिरदेवचं लगीन निघालं. बारा दिवसांची सुट्टी घेऊन शालू गावी आली. लगीन झालं, हळदीचे डाग निघाले, आन् शुक्रवारी परभणीहून मुंबईची गाडी व्हती. गुरुवारी सकाळी शालू बॅग भरायली व्हती. शेंगदाण्याची चटणी, आन् चिसोमोसाठी दोन डझन हिरव्या बांगड्या.

चिसोमो म्हंजे तिथली तिची जोडीदारीण. कागदावर मदतनीस. दोघींची भाषा एक नव्हती. थोडं मोडकं इंग्रजी, बाकी सगळं हातवारे आन् शेळ्या. पण शालूला तिथं ताप आला तवा हीच चिसोमो तीन दिवस उशाशी बसली व्हती, आन् तवापासून चिसोमोला कुणी वाकडं बोललं की शालू मराठीतून भांडायची.

तेवढ्यात त्याच चिसोमोचा व्हिडिओ आला.

लाल मातीत एक शेळी आडवी पडलेली. करडाचा एकच पाय भाईर, मुंडकं मागं वळलेलं. अशी शेळी हातची जाती, हे शालूला चांगलं ठावूक. चिसोमोनं हाताला तेल लावलं. पाय हळूच आत सारला. डोळे मिटले, आत चाचपलं, मुंडकं धरून फिरिवलं, आन् शेळीनं कळ दिली तशी ओढलं. करडू भाईर. त्याच्या नाकात गवताची काडी फिरिवली तर ते शिंकलं. भवतालच्या बायांनी गाणंच धरलं. चिसोमोनं मोबाइलकडं बघून शालूनं शिकविलेला शब्द म्हणला, "शालू, करडू."

शालूनं अंगणाला एक चक्कर मारली. मंग दुसरी मारली.

"माय, हे बघ. लवकर बघ."

बानूबाईचे हात भाकरीच्या पिठात व्हते. तिनं मान वाकडी करून सगळा व्हिडिओ बघितला.

"हिनं एकदाबी वर बघून कुणाला इचारलं न्हाई," ती म्हणली. "तू तिथं असतीस, तर?"

शालू तिथं असती तर हात तिनंच घातला असता. चार महिने तेच चाललं व्हतं. चिसोमोनं सुई घ्यायला हात पुढं केला की त्याच्या आधी शालूचा हात पोचायचा. शालूला दम कुठं निघतोय. औषधाच्या पेटीची चावी शालूच्या गळ्यात, म्हून बायाबी शालूलाच हाक मारायच्या. चिसोमोनं निस्ते शेळ्याचे पाय धरायचे.

"तुला मी कसं शिकविलं व्हतं?" बानूबाईनं इचारलं.

कसं इसरणार. शालू बारा वर्षांची असताना एक शेळी अशीच अडली व्हती. बानूबाईनं सोताचे दोन्ही हात पदरात गुंडाळले आन् पाठ करून बांधावर बसली. शालू रडली, शिव्या दिल्या, पण माय वळली न्हाई. शेवटी करडू शालूच्याच हातात आलं. आख्ख्या जन्मात ती एवढ्या एकाच परीक्षेत पास झालेली.

"माय," शालू म्हणली, "मी उद्या गेले तर चिसोमो परत पायच धरत बसंल."

"मंग?"

"मंग मी जायलेच न्हाई."

बोलून गेली आन् तिच्याच अंगात वारं भरलं. तिनं लगेच संस्थेच्या परभणीच्या ऑफिसला, राजेश्री मॅडमला फोन लावला.

"मॅडम, मी उद्या जायले न्हाई."

"का गं, बरं न्हाई का?"

"लय बरं हाय. चावी मी तिथल्या ऑफिसात ठिवून आले. औषधाची पेटी चिसोमोच्या नावावर करा."

"अगं, दोनच महिने राहिलेत. मधेच सोडलं तर प्रमाणपत्र मिळत न्हाई. आन् परत कुठं पाठवायचं म्हणलं तरी तुझं नाव मला देता येणार न्हाई."

शालूला ते प्रमाणपत्र पायजे व्हतं. नववीत शाळा सोडलेल्या पोरीच्या भिंतीवर लावायला दुसरं काय असतंय.

"नका देऊ," ती म्हणली. "पण मी एक व्हिडिओ पाठविलाय. आधी त्यो बघा, मंग बोला."

फोन कानाला लावून तिनं लिंबाच्या झाडाला चार चकरा मारल्या. मॅडमचा आवाज आला तो येगळाच.

"हे तू नसताना केलं तिनं?"

"मी नव्हते म्हूनच केलं."

"सुई टोचता येती तिला?"

"माझ्यापेक्षा सावकाश टोचती. शेळीला तेच बरं वाटतंय."

मॅडम हसल्या. "तिकडं बोलते मी. पण लेखी दे. कारण काय लिहिशील?"

"शिकवून झालं."

दुपारी दत्तराव घरी आला. खबर त्याच्या आधी गावात फिरली व्हती.

"लोक म्हणतील, पोरीला हाकलून दिलं," तो म्हणला. "फ्लेक्सवर सहा महिने छापलेत."

"आबा, फ्लेक्स मी छापला व्हता का?"

"अठरा माणसांनी फोटो लावलेत त्यावर."

"मंग त्या अठरा माणसाला धाडा की राहिलेले दोन महिने," बानूबाई चुलीपासून म्हणली. "महिन्याला नऊ."

दत्तराव हसला न्हाई. शालूनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. हयात मेंढरामागं गेलेला माणूस. त्यानं चिसोमोचं तोंड बघितलंच न्हाई, निस्ता तिचा हात बघितला. परत लावायला सांगितलं.

"मुंडकं मागं व्हतं. तरी काढलं हिनं?"

"काढलं."

"कुणाची पोरगी हाय?"

"माझ्या हाताखालची."

दत्तरावनं टोपी झटकली. "हे माझ्या फोनवर टाक," म्हणला, आन् चहा न पिताच पालमकडं निघाला. त्या दिवशी बसस्टँडवर कुणाची गाडी सुटली आन् कुणाची ऱ्हायली, पण त्यो व्हिडिओ बघितल्याबिगर दत्तरावनं एकालाबी हलू दिलं न्हाई.

पाचव्या दिवशी, ऊन कलताना, चिसोमोचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या गळ्यात पेटीची चावी. शालूनं तिची दिष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. पण चिसोमो हसत नव्हती. तिनं कॅमेरा वळिवला. एक शेळी उभी, डावी कूस फुगून ढोलासारखी झालेली. "शालू?" तिनं इचारलं.

शालूला बघताक्षणी कळलं, कोणती बाटली, किती औषध. शब्द जिभेवर आला. तिनं मोबाइल भिंतीला टेकवून ठिवला. दोन्ही हात ओढणीत गुंडाळले, आन् मोबाइलकडं पाठ करून मांडी घातली. पाय शाळेतल्या बाकावर हलायचे तसे हलायले व्हते.

"शालू?" परत आवाज आला.

शालू वळली न्हाई. मागून आधी निस्तं शेळीचं कण्हणं. मंग चावी फिरली, आन् पेटीचं झाकण उघडलं.