फुकट तपासणी

किन्हवलीतला आमचा शेजारी, निवृत्त वायरमन, चहाचा पेला असो की फाटकाची कडी, आधी हाताची उलटी बाजू लावून बघायचा. तारेत करंट आहे का, हे त्याने नोकरीभर तसंच तपासलेलं. पेन्शनरांसाठीचा जादा आरोग्यविमा घ्यायला आम्ही दोघं शहापूरला गेलो. एजंट म्हणाला, "यात दरवर्षी हृदयाची तपासणी फुकट."

"तपासणी नसलेला नाय काय?" शेजाऱ्याने घाईने विचारलं.

मी हसलो. "अरे, फुकट हाय!"

"आन् त्यात काय निघाला तर मंग?"

त्याच्या कपाळावर घाम होता. एजंट पंखा लावायला उठला. तेवढ्यात शेजाऱ्याने स्वतःच्या छातीला हाताची उलटी बाजू हळूच टेकवली आणि झटका बसावा तसा हात मागे घेतला.