मामांपुढे जुनं गाणं लावायचं नाही

जिवंत माणसांवर माझ्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नसेल आणि मेलेल्यांचा इतका रागही कुणी धरला नसेल. अर्थात हे फक्त गाण्यावाजवण्यापुरतं. एरवी पितृपक्षात कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवून अर्धा अर्धा तास ताटकळत उभे राहणारे ते सश्रद्ध गृहस्थ आहेत. पण गवई असो, बँडवाला असो, भजनी बुवा असो की कव्वाल असो, तो आज, या घडीला श्वास घेत असला पाहिजे, आणि भिवंडीपासून स्कूटरच्या टप्प्यात राहत असेल तर फारच उत्तम, ही त्यांची अट. कचेरीत पस्तीस वर्षं लोकांना हयातीचे दाखले देऊन निवृत्त झाल्यामुळे असेल, पण कुणाचंही नाव निघालं की त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "आहे का?"

माझा आणि त्यांचा पहिला सामना माझ्या दिवाळसणाला झाला. नवा जावई रसिक आहे अशी छाप पडावी म्हणून मी जेवणं चालू असताना मोबाइलवर एक जुनं भावगीत लावलं. सासूबाईंनी डोळे मिटले, सासऱ्यांनी मान डोलावली, आणि पंक्तीच्या टोकाला बसलेल्या या गृहस्थांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारून विचारलं, "जावईबापू, या बाई हयात आहेत का?" मी खालच्या आवाजात नाही म्हणालो. "मग आपण वाहवा कुणाला करतोय? पोळी गरम असते तोवर ताटात वाढावी. चितेवर नेऊन ठेवू नये." सणाच्या दिवशी चितेचं नाव काढल्याबद्दल सासूबाईंनी आपल्या सख्ख्या भावाला जे सुनावलं ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले आणि मला म्हणाले, "स्कूटर आणलीय ना? चला, तुम्हाला जिवंत माणूस दाखवतो." नव्या झब्ब्यात, पोट तुडुंब भरलेलं असताना, मला त्यांनी हायवेवरच्या वडप्याला नेलं आणि एका पडवीत बेंजोचा सराव करणाऱ्या माणसासमोर बसवलं. तो माणूस गोडाऊनमध्ये ड्युटी करून उरलेल्या वेळात बेंजो पार्टी चालवायचा. त्या दिवशी मला त्यातलं काही कळलं नाही. पण त्यानंतर पंधरा वर्षं मी मामांचा ड्रायव्हर आहे, कारण त्यांना स्कूटर चालवता येत नाही आणि मला त्यांना नाही म्हणता येत नाही.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीला बेंजो पार्टी हवीच. परक्याच्या हळदीला आमंत्रण लागतं हे मामांना मान्य नाही. "एवढे मोठे स्पीकर कशाला लावतात? तेच आमंत्रण," असं म्हणून ते इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवतात आणि मांडवात शिरून थेट बँडच्या शेजारी उभे राहतात. घरवाल्यांना वाटतं हे बँडबरोबर आलेत, बँडवाल्यांना वाटतं घरातले कुणी वडीलधारे असावेत, आणि दोघंही त्यांना अदबीनं पाणी विचारतात. एकदा अशाच एका मांडवात कुणीतरी ओरडलं, "मामा कुठं हायत? मामाला आना रे!" निम्मी भिवंडी ज्यांना मामा म्हणते ते आमचे मामा सवयीनं पुढे झाले. बायकांनी त्यांना पाटावर बसवून नखशिखांत हळद फासली, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि तेवढ्यात नवऱ्या मुलाचे खरे मामा काल्हेरहून शिफ्ट संपवून धापा टाकत पोचले. मी मांडवाच्या खांबाआड तोंड लपवलं. मामांनी मात्र शांतपणे टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "सांभाळा तुमचा मान. मी बँडचा मामा." त्या भल्या माणसानं आम्हा दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात. मामांच्या घराची मागची भिंत लूमच्या कारखान्याला लागून आहे, त्यामुळे आठवड्यातून त्या एकाच दिवशी त्यांच्या घरात माणसांना ओरडल्याशिवाय बोलता येतं. म्हणून मंडळी जमतात ती शुक्रवारी. एक लूमचे मिस्त्री, एक नर्सबाई, आणखी पाचसहा जण, आणि चहाची चव सांगण्यापुरता मी. प्रत्येकानं या आठवड्यात स्वतःच्या कानांनी कुणाला ऐकलं आणि त्याला कितवा नंबर द्यायचा ते सांगायचं, मग भांडायचं, आणि शेवटी मामांनी आपल्या कारकुनी अक्षरात यादी लिहायची. मिस्त्री उत्तरेकडचे. त्यांच्या खोलीतलाच एक कामगार बिरहा, म्हणजे त्यांच्याकडची लोकगीतं, गातो आणि त्याला पहिला नंबर मिळावा म्हणून ते तीन वर्षं झगडतायत. "मामा, आज इसको पहला नंबर दे दो, झगडा खतम करो," असं म्हणाले की मामा चष्मा पुसत म्हणतात, "झगडा खतम हुआ तो शुक्रवार को आप लोग आओगे किसलिए?" नर्सबाईंचा जीव एका कव्वालावर. आणि मामांच्या यादीत काय नसतं! गणेशपुरीहून येताना एस.टी.त भजन म्हणत बसलेल्या बायका त्यांना इतक्या आवडल्या की उतरायचं गाव मागे गेलं तरी ते उतरले नाहीत आणि घरी पोचायला त्यांना संध्याकाळ झाली. काल्हेरच्या नव्या टॉवरमध्ये चार नोकरदार गिटारवाल्यांचा बँड आहे. त्यांच्या गाण्यातला एक शब्द मामांना कळत नाही, पण सोसायटीनं त्यांचा पार्किंगमधला सराव बंद केला तेव्हा "अर्जदार हा वयोवृद्ध श्रोता असून" अशी सुरुवात करून त्यांनी चार पानी अर्ज दिला. सेक्रेटरींनी विचारलं, तुम्ही कुठल्या फ्लॅटचे? मामा म्हणाले, "मी भिवंडीचा. तुमच्याकडे गाणं आहे म्हणून येतो, नाहीतर तुमच्या लिफ्टमध्ये काय बघण्यासारखं आहे?" रविवारी सकाळी दोन तास सरावाला परवानगी मिळाली. सेक्रेटरी बहुतेक अर्ज पूर्ण वाचायच्या भीतीनंच कबूल झाले.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हे गृहस्थ दिसेल त्याला डोक्यावर घेतात. तसं मुळीच नाही. ऐकल्याशिवाय आणि आवडल्याशिवाय त्यांचे हात हलत नाहीत. नर्सबाईंच्या कव्वालाला त्यांनी त्याच्या तोंडावर "आज नहीं जमा, उस्ताद" असं सांगितलं होतं, आणि पुढच्या वेळी जमलं तेव्हा भर मैफलीत उठून उभे राहिले होते. त्यामुळे मामांची टाळी पडली की वाजवणारा माणूस दोन दिवस ताठ चालतो. मला खरं सांगायचं तर याचा हेवा वाटायचा. मी जुन्या गाण्यांचा माणूस. माझ्या दादेची वाट बघणारं कुणीच नव्हतं.

गेल्या वर्षी शुक्रवारच्या भांडणात मामा गप्प राहायला लागले. मिस्त्रींनी बिरहावाल्याचा पहिला नंबर मागितला तर मामांनी चक्क लिहून टाकला. मिस्त्रींना आनंद व्हायला हवा होता, पण ते घाबरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जमाईबाबू, कुछ गडबड है." नर्सबाईंच्या लक्षात गडबड आधीच आली होती. मामा बँडच्या जवळ, आणखी जवळ सरकत चालले होते, आणि हल्ली ढोलाच्या कडेवर हात ठेवूनच उभे राहत. आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. चाळीस वर्षं भिंतीपलीकडे लूम खडखडत होते, त्याचा हा हिशेब. बारीक, उंच सूर आधीच गेलेत, बाकीचेही जातायत, कानातल्या यंत्रानं बोलणं कळेल, संगीताचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मामांचा उतरलेला चेहरा बघून ते मायेनं म्हणाले, "काका, काळजी करू नका. जी गाणी आधी ऐकलीत ती डोक्यात राहतात. जुनी गाणी तुम्हाला जन्मभर ऐकू येतील."

त्या बिचाऱ्या डॉक्टरांना काय ठाऊक! मामा ताडताड जिना उतरले. खाली आल्यावर रस्त्यात उभे राहून माझ्यावरच ओरडले, "म्हणजे ज्यांना जन्मभर दारात उभं केलं नाही, त्यांच्याच संगतीत उरलेले दिवस काढायचे? कैद आहे काय ही?" येणारेजाणारे थांबून बघत होते. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकून टाकला. "कान माझे चाललेत, बँड नाहीत! आठवड्याला एक नवा ऐकणार. बघतो कोण अडवतं!"

आणि खरोखरच तो माणूस हट्टाला पेटला. पूर्वी महिन्याला चार ठिकाणी जायचो, आता आठवड्याला चार. घरच्यांनी कळवळून त्यांच्या वाढदिवसाला जुनी गाणी ठासून भरलेला रेडिओसारखा एक डबा आणला. तो त्यांनी वेष्टण न फोडता कारखान्याच्या वॉचमनला देऊन टाकला. नर्सबाईंनी सुचवलं की मामांच्या आजवरच्या सगळ्या आवडत्या कलावंतांची एक मोठी यादी करू या, आठवण म्हणून. मामा म्हणाले, "आठवण मेल्यावर. आधी या शुक्रवारचं बोला." त्यांचा राग बघून बाकीचे हसायचे. मला हसू येईना. पहाटे गाढ झोपेतून उठल्यावर माणूस एखादं जुनं गाणं गुणगुणतो तसे तेही गुणगुणायचे, आणि लक्षात आलं की दात ओठ खाऊन थांबायचे, हे मामींनी मला सांगितलं होतं.

मग एके दिवशी वडप्याहून निरोप आला. बेंजोवाल्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही त्याच्या पडवीत पोचलो. त्याला मामांच्या कानांचं काही माहीत नव्हतं. त्याची नजर जमिनीवर होती. "मामा, नवी चाल बांधलीय. अजून कुनाला ऐकवली न्हाय. पयले तुमी. तुमाला आवडली तर हळदीला काढीन, न्हाय तर न्हाय." आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली. मामांनी यंत्र नीट बसवलं, मग काढलं, मग बेंजोच्या फळीवर तळवा टेकवला. बेंजोचे सूर सगळे वरचे, बारीक. मामांचा चेहरा पाटीसारखा कोरा होता. मला वाटलं, आता टाळी वाजवतील. मी असतो तर वाजवली असती. खोट्या टाळीनं कुणाचं काय बिघडणार होतं? त्या माणसाला बरं वाटलं असतं आणि मामांचं झाकलेलं राहिलं असतं.

चाल संपली. मामा म्हणाले, "मला ऐकू आली नाही."

बेंजोवाल्याला वाटलं चाल आवडली नाही. तो खाली मान घालून तारा पुसायला लागला. तेव्हा मामांनी हातातलं यंत्र त्याच्यापुढे धरून सगळं सांगून टाकलं, कुणाच्या तरी खटल्याची हकिगत सांगावी इतक्या कोरडेपणानं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही ऐका. आणि मला खरं सांगा. पंधरा वर्षं फुकट पेट्रोल जाळलंत काय?" बेंजोवाल्यानं पुन्हा सुरुवात केली आणि मी पुढे सरकून ऐकू लागलो. आयुष्यात मी गाणं कधी असं ऐकलं नव्हतं. जुनं गाणं ओळखीचं असतं, ते आपोआप ऐकू येतं. हे नवं होतं, आणि मी ऐकलं नाही तर ते मामांपर्यंत पोचणारच नव्हतं. संपल्यावर मामांनी माझी उलटतपासणी घेतली. कुठे उचलली? मध्ये थांबला का? परत आला तेव्हा तिथूनच आला की दुसरीकडून? मला येत होतं तसं, हातवारे करत, कानाशी ओरडून मी सांगितलं. शेवटी भीत भीत म्हणालो की शेवटाला जरा घाई झाली. बेंजोवाल्यानं मान वर केली. "बरोबर हाय त्यांचं. घाय झाली. माजाच धीर सुटला." मामांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि टाळी वाजवली. मला ती टाळी माझ्यासाठीही वाटली.

परतताना आम्ही ट्रकांच्या रांगेत अडकलो. मी इंजिन बंद केलं. मागे बसलेले मामा माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरत होते. थोड्या वेळानं खांद्यावरून पुढे झुकून त्यांनी विचारलं, "अशी होती का हो?" आणि एक चाल गुणगुणली. तिचा बेंजोच्या चालीशी काडीचा संबंध नव्हता. मान वळवून मी मोठ्यानं सांगितलं, "नाही मामा. अशी नव्हती."

"मग ही कुठली? जुनी आहे? खरं सांगा."

मी डोक्यातली सगळी गाणी धुंडाळली. माझ्याकडे जुन्याचा साठा काही थोडाथोडका नाही. "नाही," मी म्हणालो. "ही मी कुठेच ऐकलेली नाही."

"नक्की?"

"नक्की, मामा."

ते मागे सरकून बसले आणि ती चाल इतक्या खुल्या आवाजात म्हणायला लागले की शेजारच्या ट्रकचा क्लीनर खिडकीतून डोकावून बघू लागला. रांग हलली, मी स्कूटर सुरू केली, तरी ते गातच होते. मी ती धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण घर येईपर्यंत हॉर्नच्या गदारोळात ती माझ्या हातून सुटली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि ती चाल पुन्हा म्हणून दाखवा म्हटलं. मामा शुक्रवारच्या यादीसाठी कागद आखत होते. वर न बघताच म्हणाले, "ती कालची. जुनी झाली." मी चहा पिऊन परत आलो. मला मात्र ती चाल अजून एकदा ऐकायची आहे, आणि ती आता कुठेच मिळायची नाही.